दहावीनंतर थेट प्रीकॅल्क्युलस: ठाण्याहून एडिसनला आलेल्या एका विद्यार्थिनीचं वर्ष

मुलगी ठाण्यातल्या सेमी-इंग्रजी शाळेतली. २०२४ च्या मार्चमध्ये तिने बोर्डाची परीक्षा दिली, गणितात शंभरपैकी ९४ मिळाले. वडिलांच्या कंपनीने त्यांची बदली न्यू जर्सीला केली आणि ऑगस्टमध्ये तिघंही एडिसनमध्ये भाड्याच्या घरात राहायला आले. इथली शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते. अकरावीला कुठलं गणित घ्यायचं हे ठरवायला त्यांच्याकडे जेमतेम तीन आठवडे होते. मी याच काउंटीतल्या दुसऱ्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते. ओळखीतून त्यांचा फोन आला आणि पुढचं वर्षभर मी या मुलीचा अभ्यास जवळून पाहिला. तिच्या आणि आईवडिलांच्या संमतीने, नाव आणि शाळा वगळून, तो इथे मांडते आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या पालकांची या विषयाबद्दल दोन ठाम मतं असतात. एक, अमेरिकेतलं गणित सोपं. दुसरं, आपली मुलं इथल्या मुलांच्या दोन वर्षं पुढे. या प्रकरणात दोन्ही मतं थोडी खरी ठरली आणि दोन्हींनी नुकसानही केलं.

कुठल्या वर्गात बसवायचं

इथे गणिताचे वर्ग इयत्तेनुसार नसतात, साखळीने असतात: अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. एकाच वर्गात दहावीची, अकरावीची आणि बारावीची मुलं शेजारी शेजारी बसलेली असतात. त्यामुळे 'अकरावीचं गणित' असं काही नसतंच. काउन्सेलर मुलाची जुनी गुणपत्रिका बघून तो साखळीच्या कुठल्या कडीवर आहे ते ठरवतो.

आपल्या गुणपत्रिकेवर नुसतं 'गणित' लिहिलेलं असतं. त्यातल्या भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. काउन्सेलरला यातलं काही दिसत नाही. आम्ही दोन्ही पुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत करून गुणपत्रिकेसोबत जोडल्या. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे एवढं तरी करावंच. अर्ध्या तासाच्या कामाने वर्षभराची जागा बदलू शकते.

अनुक्रमणिका वाचून काउन्सेलरने अल्जेब्रा १ आणि जॉमेट्री झालं असं धरलं आणि अल्जेब्रा २ सुचवलं. वडिलांना ते पटेना. "ताई, तिकडे असती तर अकरावी सायन्सला याच वर्षी लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह शिकली असती. हे तिला मागे ढकलतायत." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आपल्या अकरावीच्या गणितात त्रिकोणमिती, शंकुच्छेद, निश्चयक आणि सारण्या, संमिश्र संख्या, फलनं (फंक्शनं) आणि शेवटी विकलनापर्यंत (डेरिव्हेटिव्ह) सगळं एका वर्षात येतं. इथे त्यातला बराचसा भाग प्रीकॅल्क्युलसला, आणि विकलन त्याच्या पुढच्या वर्षी. व्याप्तीच्या हिशोबाने आपला अभ्यासक्रम मोठा आहे यात वादच नाही. पण ही मुलगी ती अकरावी शिकून आलेली नव्हती. तिची दहावी झाली होती.

शाळेने चाचणी घेतली. बीजगणित आणि भूमितीचे प्रश्न तिने झरझर सोडवले, लॉगरिदम आणि संमिश्र संख्यांचे कोरे ठेवले. कोरे ठेवण्याचं कारण सरळ होतं. बोर्डाच्या दहावीत वर्गसमीकरणाचा विवेचक शून्यापेक्षा लहान आला की 'मुळे वास्तव संख्या नाहीत' असं लिहून आपण थांबतो. इथला प्रीकॅल्क्युलसचा वर्ग त्या वाक्याच्या पुढे सुरू होतो: वास्तव नाहीत, मग कोणत्या आहेत, आणि त्या नेहमी जोडीनेच का येतात? लॉगरिदम तर दहावीत नाहीच.

गणित विभागाच्या प्रमुखांनी मधला मार्ग काढला. एपी प्रीकॅल्क्युलसमध्ये बसा, पण सप्टेंबर संपायच्या आत घातांकांचे सगळे नियम, लॉगची ओळख आणि संमिश्र संख्या घरी पूर्ण करा. आईने हे काम अंगावर घेतलं. त्या स्वतः इंजिनियर, अकरावी-बारावीचं गणित त्यांच्या हातात अजून होतं.

एपी म्हणजे कॉलेज बोर्डाचा अभ्यासक्रम. मे महिन्यात देशभर एकच परीक्षा होते आणि १ ते ५ मध्ये गुण मिळतात. एपी प्रीकॅल्क्युलस अगदी नवं आहे. २०२३-२४ हे त्याचं पहिलं वर्ष. त्याआधी प्रत्येक शाळा आपापल्या परीने प्रीकॅल्क्युलस शिकवायची, आणि साधं व ऑनर्स (थोडं वरच्या पातळीचं) हे वर्ग बऱ्याच शाळांत आजही आहेत. एपीच्या गुणांवर कॉलेजात क्रेडिट, म्हणजे तेवढा विषय आधीच झाला अशी सूट, मिळेलच असं नाही, ते कॉलेजवर अवलंबून असतं. निव्वळ क्रेडिटच्या आशेने हा वर्ग घेऊ नये.

पहिली टेस्ट

अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत: बहुपदी आणि परिमेय फंक्शनं, घातांकीय आणि लॉगरिदमिक फंक्शनं, त्रिकोणमितीय आणि ध्रुवीय फंक्शनं, आणि चौथ्यात प्राचल, सदिश, सारण्या. चौथा भाग एपीच्या परीक्षेत विचारत नाहीत. पहिल्या भागावरची टेस्ट ऑक्टोबरमध्ये झाली आणि तिला शंभरपैकी ७१ मिळाले. आयुष्यात गणितात नव्वदच्या खाली कधी गेली नव्हती. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही.

तो पेपर मी ओळ न् ओळ पाहिला. आकडेमोडीची चूक एकच होती. बाकीचे सगळे गुण एकाच प्रकारच्या जागी गेले होते. नमुन्यादाखल हा प्रश्न:

(क्ष² − क्ष − ६) ÷ (क्ष² − ९) या फंक्शनचं वर्णन करा.

तिने अवयव पाडले: वर (क्ष − ३)(क्ष + २), खाली (क्ष − ३)(क्ष + ३). (क्ष − ३) छेदला, (क्ष + २) ÷ (क्ष + ३) असं लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. बोर्डाच्या पेपरात याला पूर्ण गुण मिळाले असते. इथे सहापैकी दोन मिळाले.

उरलेले चार गुण कशाचे होते? छेदून टाकलेला (क्ष − ३) कागदावरून जातो, फंक्शनमधून जात नाही. क्ष ३ असताना मूळ भागाकाराला अर्थच नाही, म्हणून आलेखावर (३, ५/६) या जागी एक भोक राहतं. क्ष −३ असताना छेद शून्य होतो पण अंश होत नाही, म्हणून तिथे उभी अनंतस्पर्शी रेषा, म्हणजे आलेख जिच्या जवळ जवळ सरकत राहतो अशी रेषा. डावीकडून आलेख वर निघून जातो, उजवीकडून खाली. क्ष खूप मोठा होत गेला की किंमत १ च्या जवळ सरकते, म्हणून आडवी अनंतस्पर्शी रेषा. हे सगळं लिमिटच्या चिन्हात लिहायचं आणि प्रत्येकाचं कारण एका वाक्यात द्यायचं. तीच अवयवांची जोडी, पण एकीकडे ती उत्तराकडे नेते आणि दुसरीकडे प्रश्न तिथून सुरू होतो.

माझ्या मते या वर्गाचं मर्म इथेच आहे. प्रीकॅल्क्युलसमधलं हाताने करायचं गणित आपल्या चांगल्या दहावीच्या विद्यार्थ्याला जड नाही. बदलतं ते विचारणं. 'किंमत काढा' कमी होतं आणि 'हे फंक्शन या भागात कसं वागतं, आणि तुला ते कशावरून कळलं' वाढतं. ज्या मुलाला प्रकार ओळखून पद्धत लावायची सवय आहे, तो हुशार असूनही इथे अडखळतो. कारण तो पद्धत लावून मोकळा झालेला असतो.

तिच्या पेपरवर शिक्षिकेने चार ठिकाणी एकच शेरा दिला होता: कारण लिहिलेलं नाही. ती मला म्हणाली, "मावशी, मला येतं ते. पण लिहायचं काय? ते तर दिसतंय ना." सेमी-इंग्रजीत तिने गणित इंग्रजीतूनच केलं होतं, त्यामुळे शब्द सगळे माहीत होते. वाक्यं लिहायची वेळ कधी आली नव्हती. 'म्हणून'चे तीन टिंब टाकत टाकत उत्तरापर्यंत जायचं, इतकंच तिला ठाऊक होतं.

वर्गात रोज काय घडतं

तास रोज साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा. काही शाळांत एक दिवसाआड जवळजवळ दीड तासाचा. आल्या आल्या फळ्यावर एक छोटं उदाहरण, मग थोडं शिकवणं, मग चार-चारच्या गटात काम. जाताना चिठ्ठीवर एका प्रश्नाचं उत्तर लिहून शिक्षकांच्या हातात द्यायचं. फळ्यावरचं वहीत उतरवून घेणं जवळजवळ नाहीच. तिच्या शाळेत गृहपाठाला १० टक्के, क्विझला ३० आणि टेस्टना ६० टक्के वजन होतं. हे प्रमाण शाळेगणिक बदलतं, आणि वर्षाच्या सुरुवातीला मिळणाऱ्या पत्रकात छापलेलं असतं. ते पत्रक पालक सही करून परत देतात, वाचत नाहीत.

गटात ती सुरुवातीला गप्प असायची. उत्तर सगळ्यांत आधी यायचं, ते वहीत लिहून ती बाकीच्यांची वाट बघत बसायची. शिक्षिकेने तिला सांगितलं की तू उत्तर सांगू नकोस, समोरच्याने काढलेला आलेख चुकीचा का आहे ते त्याला समजावून सांग. तिला ते भयंकर अवघड गेलं आणि त्याचाच तिला सर्वांत जास्त उपयोग झाला.

शाळा सुटल्यावर शिक्षक आठवड्यातून दोनदा वर्गात थांबतात, कोणीही जाऊन शंका विचारू शकतं. ती नोव्हेंबरपर्यंत एकदाही गेली नाही. आपल्याकडे शाळेनंतर थांबवतात ते कच्च्या मुलांना. इथे वर्गातली सर्वांत पुढची मुलंच तिथे ठाण मांडून बसलेली असतात. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. टेस्टमध्ये चुकलेले प्रश्न कारणांसह पुन्हा सोडवून दिले तर गेलेल्या गुणांपैकी काही परत मिळतात, हेही तिला तिथे गेल्यावर कळलं.

कॅल्क्युलेटर हा वेगळाच विषय. बोर्डाच्या परीक्षेत त्याला बंदी, इथे आलेख काढणारा कॅल्क्युलेटर अभ्यासक्रमाचाच भाग. टीआय-८४ शंभर डॉलरच्या वर जातो. तिला शाळेने वर्षभरासाठी वापरायला दिला, आणि डेसमॉस हा ऑनलाइन आलेख-कॅल्क्युलेटर फुकट आहेच. पहिल्या आठवड्यात तिने साइन ३० दाबलं आणि पडद्यावर −०.९८८ आलं. यंत्र रेडियनवर होतं, म्हणजे कोन अंशांऐवजी दुसऱ्या एककात मोजत होतं. तिला पाठ असलेला अर्धा कुठे गेला हे शोधताना रेडियन म्हणजे काय हे तिला असं कळलं की पुन्हा कधी विसरली नाही.

लॉग, आणि 'वय ऋण नसते'

नोव्हेंबर ते जानेवारी दुसरा भाग चालला. आईने सप्टेंबरमध्ये करून घेतलेला पाया उपयोगी पडला, पण एक गोष्ट सुटली होती. आईने लॉग शिकवला तो आकडेमोडीचं साधन म्हणून, कोष्टकात बघून गुणाकाराची बेरीज करायची तसा. इथे लॉग म्हणजे घातांकीय फंक्शनचं उलट फंक्शन. एकाचा प्रांत (आत घालता येणाऱ्या किमती) तो दुसऱ्याचा विस्तार (बाहेर येणाऱ्या किमती).

लॉग क्ष + लॉग (क्ष − २) = ३, दोन्हींचा पाया २. हे क्विझमध्ये आलं. तिने क्ष² − २क्ष − ८ = ० मांडलं, क्ष = ४ आणि क्ष = −२ काढलं, आणि दोन्ही उत्तरं लिहून दिली. ऋण संख्येचा लॉग नसतो, म्हणून −२ बाद. मी तिला दहावीच्या शाब्दिक उदाहरणांची आठवण करून दिली. मुलाचं वय काढताना उत्तर −६ येतं तेव्हा काय लिहायचीस? "परंतु वय ऋण नसते." ते वाक्य पाठ होतं, कारण त्याला अर्धा गुण असायचा. प्रांत म्हणजे काय हे तिला ठाण्यातच शिकवलं होतं, फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. अंकगणिती श्रेढीचंही तेच. सारख्या फरकाची श्रेढी म्हणजे रेषीय फंक्शन, फरकांचे फरक सारखे असतील तर वर्गफंक्शन. एकदा हे धागे दिसू लागल्यावर तिचा वेग वाढला. जानेवारीच्या टेस्टला ८८ मिळाले.

त्रिकोणमिती, आणि अलिबागची भरती

तिसऱ्या भागात आपली मुलं पुढे असतात, हे मी इतक्या वर्षांत सारखं पाहत आले आहे. ३०-४५-६० च्या किमती तोंडपाठ, सेक आणि कोसेकची भीती नाही, नित्य समीकरणं सिद्ध करण्यात हातखंडा. एकक वर्तुळावरचे (त्रिज्या १ असलेल्या) सोळा बिंदू वर्गातल्या इतरांना पाठ करायला पंधरवडा लागला. हिने नववीतलं ३०°-६०°-९०° चं प्रमेय लावून ते एका संध्याकाळी मांडले. नवीन होतं ते नव्वद अंशांच्या पलीकडे जाणं, आणि साइनला गुणोत्तराऐवजी वेळेबरोबर वरखाली होणारी लाट म्हणून बघणं.

इथल्या समुद्राच्या भरतीवरचं उदाहरण वर्गात दिलं होतं. पहाटे ३ वाजता पूर्ण भरती, पाणी ५ फूट. ९ वाजून १२ मिनिटांनी पूर्ण ओहोटी, ० फूट. उंचीचं फंक्शन लिहा. मध्यरेषा २.५ फुटांवर, आयाम (मध्यरेषेपासून लाट किती वर-खाली जाते ते) २.५, भरतीपासून ओहोटीपर्यंत ६.२ तास म्हणजे आवर्तनकाळ १२.४ तास. कोसाइन घ्यायचा, तीन तास उजवीकडे सरकवायचा. इथपर्यंत सगळ्यांना जमलं. पुढचा प्रश्न असा: ३ पासून ६.१ तासांपर्यंत पाणी कसं उतरतं? 'उतरतं' एवढं पुरत नाही. ते उतरतं आणि उतरण्याचा वेग वाढत जातो, ६.१ नंतरही उतरतंच, पण वेग मंदावत जातो. मे महिन्याच्या परीक्षेत लेखी चार प्रश्नांपैकी एक दरवर्षी याच धाटणीचा असतो.

हिचं आजोळ अलिबागजवळ. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं हे लहानपणापासून केलेलं. मधल्या तासांत पाणी कसं भराभर चढतं ते तिने पायांनी अनुभवलं होतं, आणि वर्गात ते कारणासकट सांगणारी ती पहिली ठरली. त्या भागाच्या शेवटी प्रत्येकाने एक मॉडेल मांडून त्याची मर्यादा दाखवायची होती. तिने आजोबांचा हिशोब घेतला. कोकण किनाऱ्यावर तो जुना आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.

म्हणजे दर तिथीला भरती ४५ मिनिटं पुढे. वर्गातल्या कोसाइनमध्ये दोन आवर्तनं २४.८ तासांची, म्हणजे रोज ४८ मिनिटं पुढे. जवळ आहेत, पण सारखे नाहीत. तिने पुढे जाऊन तपासलं. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. पाऊणपटीने पंधराव्या तिथीला सव्वाअकरा येतात. रोजचा छोटा फरक साचत जाऊन पंधरवड्याच्या शेवटी पाऊण तासाचा होतो, आणि मग नव्या पंधरवड्याला मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, त्यामुळे चूक त्यापुढे वाढत नाही. सरळ रेषेचं एक मॉडेल, दर पंधरा तिथींनी नव्याने सुरू होणारं. कागद-पेन्सिलीशिवाय होडीत बसून वापरता येईल असं. हे तिने दोन पानांत स्वच्छ इंग्रजीत लिहिलं. ऑक्टोबरमध्ये जिला कारण लिहिता येत नव्हतं, तिची ती दोन पानं वाचताना मला फार आनंद झाला. रात्री व्हिडिओ कॉलवर तिने ती आजोबांना मराठीत समजावून सांगितली.

मे महिना

परीक्षा तीन तासांची. ४० बहुपर्यायी प्रश्न, त्यातले २८ कॅल्क्युलेटरशिवाय आणि १२ कॅल्क्युलेटरसह, एकूण वजन साडेबासष्ट टक्के. मग चार लेखी प्रश्न, दोन कॅल्क्युलेटरसह आणि दोन शिवाय. २०२५ पासून बहुपर्यायी प्रश्न संगणकावर सोडवायचे आणि लेखी उत्तरं कागदाच्या पुस्तिकेत लिहायची. कॅल्क्युलेटरशिवायच्या भागात ती निवांत होती. वेळ अपुरा पडला तो विदेवरून (डेटावरून) मॉडेल तयार करायच्या प्रश्नात, कारण यंत्रावर तिचा हात अजून सावकाश चालत होता. जुलैत निकाल आला: ४. शाळेतला वार्षिक शेरा ए वजा.

परीक्षेनंतर जूनपर्यंत वर्गात चौथा भाग शिकवला. एपीची परीक्षा देऊन झाली होती, त्यामुळे बरीच मुलं मनाने सुट्टीवर गेली होती. हिने मात्र सारण्या नीट केल्या. पुढे इंजिनियरिंगला जायचं तर त्या लागणारच.

पुढच्या वर्षासाठी दोन पर्याय होते, एपी कॅल्क्युलस एबी किंवा बीसी. बीसीमध्ये एबीचं सगळं असतं आणि त्यावर अनंत श्रेणी, प्राचलिक व ध्रुवीय फंक्शनं वगैरे भर असते. वडिलांचा कल अर्थातच बीसीकडे. शिक्षिकेने दोन्हींना सही द्यायची तयारी दाखवली. मी एबी सुचवलं. बारावीत कॉलेजचे अर्ज असतात, ती या देशात येऊन जेमतेम वर्ष झालंय, आणि तिच्या टेस्टमध्ये ध्रुवीय फंक्शनांचा भाग अजून कच्चा दिसत होता. जो बीसीत पुन्हा येतो. या वेळी निर्णय तिनेच घेतला. एबी घेतलं, सोबत भौतिकशास्त्र घेतलं, आणि उन्हाळ्यात टीआय-८४ शाळेला परत द्यायच्या आधी विदेवरून मॉडेल करायची उदाहरणं घड्याळ लावून सोडवायला बसली.